कल्पिताचे बारसे

माझी पहिली कथा कोकणातील खाडीकाठच्या एका गावात घडत होती आणि त्या गावाला मी 'सुवर्णपूर' असे नाव दिले होते. ती कथा ज्यांना मी सर्वांआधी वाचून दाखविली, ते माझे मामा. उभी हयात तलाठ्याच्या दप्तरात घालविलेले गृहस्थ. पहिल्याच परिच्छेदाशी त्यांनी मला थांबविले आणि विचारले, "अरे, हा गाव कुठल्या तालुक्यातला?" गाव काल्पनिक आहे, असे मी सांगितले. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "काल्पनिक असेना, पण त्याला नाव कोणी ठेवलं? गावाला नाव कोणी एक माणूस ठेवीत नाही. झाड ठेवतं, ओढा ठेवतो, देव ठेवतो, नाहीतर दप्तर ठेवतं. सुवर्णदुर्ग म्हणाला असतास तर समजलो असतो. किल्ल्याचं नाव सरकारातून येतं. पण खाडीवरची कोळी-कुणबी माणसं आपल्या वस्तीला सुवर्णपूर कशाला म्हणतील?"

ती कथा मी पुढे फाडून टाकली. मामांचा प्रश्न मात्र आजतागायत मजपाशी राहिला आहे. कादंबरीकार, कथाकार वा नाटककार जेव्हा अस्तित्वात नसलेल्या माणसाचे अथवा गावाचे नाव योजतो, तेव्हा वाचक त्या नावाकडे सौंदर्याच्या दृष्टीने नंतर पाहतो. आधी त्याचे मन, त्याच्याही नकळत, त्या नावाची कुळकथा तपासते. हे नाव कोणाच्या तोंडचे, कोणत्या भाषेतले, कोणत्या घरातले, कोणत्या मातीतले, ह्याची साक्ष पटली तर तो पुढची शेकडो पृष्ठे विनातक्रार खरी मानतो. ती न पटली तर लेखकाने कितीही प्रसंग उभे केले तरी त्यांच्याखाली जमीन लागत नाही. कल्पित नाव कधीच एकटे जन्माला येत नाही. त्याला भावंडे लागतात, गोत्र लागते, शेजार लागतो.

आपल्या पूर्वजांना ह्या विषयाचे महत्त्व पुरते ठाऊक होते. प्रत्यक्षातील बालकाचे नाव कसे असावे ह्याविषयी गृह्यसूत्रकारांनी वर्णांपर्यंत जाऊन विचार केला आहे. मुलाचे नाव दोन वा चार अक्षरांचे, घोष वर्णाने आरंभ होणारे आणि मध्ये य-र-ल-वांपैकी एखादा अंतःस्थ वर्ण असलेले असावे. मुलीचे नाव विषम अक्षरांचे व आकारान्त असावे, असे पारस्कराच्या गृह्यसूत्रात सांगितले आहे. रंगभूमीवरील बालकांची, म्हणजे कविकल्पित पात्रांची, अशीच चिंता भरताच्या नाट्यशास्त्राने वाहिली. उत्तम पात्रांची नावे गंभीर अर्थाची असावीत, कारण त्यांचे कर्म त्यांच्या नावास साजेसे होणार असते. व्यापाऱ्यांची नावे 'दत्त' ह्या पदाने संपावीत. गणिकांची 'दत्ता', 'मित्रा' वा 'सेना' ह्या पदांनी. दासींना फुलांची नावे द्यावीत आणि सेवकांना मंगलार्थक, असा त्याचा दंडक आहे. शूद्रकाचे मृच्छकटिक हाती घेतले की हा दंडक जिवंत होऊन समोर येतो. गणिका वसंतसेना, गाडी हाकणारा सेवक वर्धमानक, आणि जन्माने ब्राह्मण असूनही ज्याच्या घराण्यात सार्थवाहाचा, म्हणजे व्यापारी तांड्याच्या म्होरक्याचा, व्यवसाय चालत आला आहे असा नायक चारुदत्त. त्या काळच्या प्रेक्षकाला पात्र रंगमंचावर पाऊल टाकण्यापूर्वीच, पडद्याआडून नाव ऐकताक्षणी, त्याची जात, वृत्ती आणि पायरी कळत असली पाहिजे.

ही परंपरा मराठी रंगभूमीने दीर्घकाळ चालविली. देवलांच्या १८९९ सालच्या 'शारदे'त सोन्याच्या लोभाने पोटची पोर विकायला निघालेला बाप कांचनभट आहे आणि तिला गिळायला टपलेला जरठ वर भुजंगनाथ आहे. गडकऱ्यांनी १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याल्या'त मद्यप्यांच्या मंडळाचा जो सूत्रधार निर्माण केला, त्याला त्यांनी तळीराम म्हटले. आणि मराठी भाषेने हे नाव इतक्या प्रेमाने आपलेसे केले की आज ज्याने ते नाटक वाचलेले नाही, पाहिलेले नाही, असा बातमीदारही मद्यपी माणसाला निःशंकपणे 'तळीराम' म्हणतो. कल्पित विशेषनामाने सामान्यनामाच्या पदाला पोहोचावे ह्याहून मोठा सन्मान नाव ठेवणाऱ्याच्या वाट्याला येत नाही.

परंतु नाटकाला जे मानवते ते कादंबरीला मानवतेच असे नाही. दिव्यांच्या झगझगाटात दोन-तीन तासांत सर्व काही सांगायचे असते म्हणून तेथे नावाने डंका पिटला तरी चालतो. कादंबरीचा वाचक मात्र घराच्या एकान्तात, दिवसचे दिवस, त्या माणसांच्या सहवासात राहणार असतो, आणि आपल्या नित्य परिचयाच्या माणसांची नावे त्यांचे गुण जाहीर करीत नाहीत हे त्याला पक्के ठाऊक असते. आपल्या आरंभीच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांतील मुक्तामाला, मंजुघोषा ह्या नायिका नावाप्रमाणेच मोत्यांच्या आणि मधुर कंठाच्या आहेत. त्यांचे माहेर कोणत्याही पेठेत सापडायचे नाही. त्यानंतर हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' लिहिली आणि तिच्या नायिकेला यमू म्हटले. यमू! पुण्यातल्या कोणत्याही वाड्याच्या चौकात हाक मारावी आणि दोघी-तिघींनी ओ द्यावी असे हे नाव. त्याच कादंबरीतल्या दुष्टाचे नाव तर आणखी विचारात पाडणारे आहे. त्याला हरिभाऊंनी शंकरमामंजी म्हटले; म्हणजे नाव भोळ्या देवाचे आणि त्याला जोडलेला शब्द सुनेने अदबीने उच्चारावयाचा. नाट्यशास्त्राचा दंडक येथे पुरा उलटला आहे. ज्याला मान खाली घालून 'मामंजी' म्हणावे लागते त्याच्याच धाकाने काळजाचे पाणी व्हावे, ही त्या काळच्या घरातील स्त्रीची सारी दुर्दशा त्या एका संबोधनात साठविलेली आहे. मराठी कादंबरीतील वास्तवाचा आरंभ मी ह्या दोन नावांपासून मानतो.

मराठी माणसाच्या बाबतीत नाव हा शब्दच एकवचनी नाही. पाळण्यात ठेवलेले एक, घरात हाक मारायचे दुसरे, आणि कागदोपत्री वडिलांच्या नावासह आडनाव धरून लिहायचे तिसरे. स्त्रीच्या बाबतीत त्यात चौथ्याची भर; लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले की माहेरची गोदू सासरची जानकी होते, आणि ज्या लेखकाला हे भान आहे तो नायिकेला तिचे जुने नाव कोण, कधी आणि किती वर्षांनी पुन्हा हाकारतो एवढ्यावर एक संबंध प्रकरण उभे करू शकतो. खेड्यातल्या नावांची कथा तर याहून खोल जाते. आधीची मुले दगावलेल्या घरात काळाची दृष्ट पडू नये म्हणून पुढच्याला दगडू, धोंडू, केरू, भिकू म्हणावयाचे. पिराला नवस बोलून झालेल्याला फकिरा म्हणावयाचे, मग घर हिंदू का असेना. अण्णाभाऊ साठ्यांनी १९५९ साली आपल्या कादंबरीच्या आणि नायकाच्या कपाळी 'फकिरा' ही तीन अक्षरे लिहिली, तेव्हा शिवारातल्या पिराचा हा सारा जुना शेजार त्यांच्यासोबत न बोलावता आला. आणि मुलीवर मुली झालेल्या घरात ठेवलेले 'नकुशी' हे नाव! सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा दोनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. एखाद्या लेखकाने आपल्या पात्राला हे नाव दिले, तर त्या मुलीच्या जन्मदिवशी ओसरीवर काय बोलणे झाले ते त्याला निराळे लिहावे लागणार नाही.

आडनावांविषयी मी थोडक्यातच लिहितो, कारण तो विषय स्वतंत्र ग्रंथाचा आहे. कुलकर्णी, देशमुख, चिटणीस, फडणीस, पोतनीस ही आडनावे म्हणजे जुन्या दौलतीच्या कारभाराचे चालतेबोलते दप्तर, आणि 'कर' हा प्रत्यय म्हणजे घराण्याने सोबत वागविलेला गावाचा दाखला. पु. ल. देशपांड्यांनी 'बटाट्याच्या चाळी'त त्रिलोकेकर, रेगे, गुप्ते, बर्वे, कोचरेकर अशी बिऱ्हाडे वसविली, त्यांच्या दारांवरच्या पाट्या ओळीने वाचल्या तरी पाठारे प्रभू, सारस्वत, कायस्थ प्रभू, चित्पावन आणि तळकोकणातून पोटासाठी आलेले अशी गिरगावाची सारी वस्ती डोळ्यांसमोर उभी राहते. भालचंद्र नेमाड्यांनी १९६३ सालच्या 'कोसल्या'च्या नायकाला पांडुरंग सांगवीकर म्हटले. सांगवी हे स्वतः लेखकाचे खानदेशातील जन्मगाव. परंतु सांगव्या महाराष्ट्रात इतक्या आहेत की हे आडनाव एकाच वेळी अगदी विशिष्टही वाटते आणि कोणाचेही असू शकते. नाव खरे वाटावे आणि तरी त्याच्यावर कोणी एकाने मालकी सांगू नये, ही कादंबरीकाराची नित्याची अडचण ह्या एका शब्दाने किती सहज सोडविली आहे! बालवाचकांसाठी भा. रा. भागवतांनी असेच एक लखलखीत काम केले. त्यांचा बनेश फेणे पुण्याजवळच्या फुरसुंगीचा. म्हणून तो 'फुरसुंगीचा फास्टर फेणे', आणि त्या तीन फकारांची धाव अशी की नाव उच्चारतानाच सायकल सुटल्यासारखी वाटते. फुरसुंगी हा खरा गाव आहे, तो मुलांना नकाशात सापडतो, आणि मग फेणेही खरा होतो.

आता मामांच्या मूळ प्रश्नाकडे, गावाच्या नावाकडे वळतो. आपल्या ग्रामनामांचा अभ्यास इतिहासाचार्य राजवाड्यांनी मोठ्या आवेशाने केला, तो उगाच नव्हे. कारण राजांच्या वंशावळी हरवल्या तरी गावांची नावे हरवत नाहीत. वडगाव, पिंपळगाव, आंबेगाव, बाभूळगाव, बोरगाव, चिंचवड ही झाडांची संतती. संगमनेर, पारनेर, अमळनेर, जामनेर असा 'नेर' कानी पडला की नगर-खानदेशाची काळी आठवावी. डोंबिवली, कणकवली, दापोली अशी 'वली', 'ओली' आली की घाटाखाली उतरल्याचे समजावे. गोंदियाकडे गेलात तर 'टोला' भेटेल. माणदेशातील वाड्या बहुधा तेथे राहणाऱ्या कुळांच्या आडनावांवर उभ्या असतात. बनगर हे धनगरांचे आडनाव, तेव्हा व्यंकटेश माडगूळकरांनी १९५५ साली 'बनगरवाडी' हे नाव पुस्तकावर घातले त्याच क्षणी मेंढरे, घोंगडी, बाभळी आणि पाण्याची वाण ही सारी त्या नावाबरोबर आली. त्याच वाडीतला आयबू पाहा. अयूब हे एका पैगंबराचे अरबी नाव माणदेशाच्या तोंडात शतकानुशतके घोळून घोळून आयबू झाले, ते माडगूळकरांनी शुद्ध करण्याचा मोह टाळला, आणि म्हणून तो पोर त्या वाडीत उपरा वाटत नाही.

पण झाड, ओढा आणि देव एवढ्यावर भागत नाही. दप्तराचाही त्यात हक्क आहे. एकट्या पुणे जिल्ह्याचा विचार केला तरी वडगाव मावळ आहे, वडगाव शेरी आहे, वडगाव बुद्रुक, वडगाव निंबाळकर, वडगाव रासाई आणि वडगाव आनंद आहे. वडाचे झाड सर्वत्रच असल्यामुळे सारा वसूल करणाऱ्या अंमलदाराला एक वडगाव दुसऱ्यापासून वेगळे लिहिणे भाग होते, म्हणून त्याने कोठे तर्फेचे, कोठे जहागीरदार घराण्याचे, कोठे दुसऱ्या कशाचे नाव जोडले. फारसीतील 'बुजुर्ग' आमच्या जिभेवर 'बुद्रुक' झाला, 'खुर्द' तसाच राहिला, आणि एका गावाचे दोन भाग पडले म्हणजे थोरला बुद्रुक व धाकटा खुर्द अशी वाटणी सरकारदरबारी रुजू झाली. ह्या दोन शब्दांत कथाकारासाठी केवढी संपत्ती आहे! आपल्या कल्पित गावाला 'खुर्द' म्हणा, की लगेच ओढ्यापलीकडे एक 'बुद्रुक' अस्तित्वात येतो. जुनी पाटीलकी कोणत्या बाजूला राहिली, देवाची पालखी आधी कोणाच्या शिवेवर थांबते, पाण्याचा पाट कोणी अडविला, हे तंटे आपोआप जन्मास येतात. लेखकाने एकही प्रसंग रचण्यापूर्वी त्याच्या गावाला दोनशे वर्षांचा इतिहास मिळालेला असतो, तोही एका विशेषणाच्या मोबदल्यात.

हीच गोष्ट दुसऱ्या प्रांतातील एका थोर लेखकाने इंग्रजीतून साधली. आर. के. नारायण ह्यांना १९३० सालच्या विजयादशमीच्या दिवशी बंगळूरमध्ये एक रेल्वे स्थानक आणि त्यावरचे नाव मनात दिसले. ते नाव 'मालगुडी'. कानडीत 'गुडी' म्हणजे देऊळ, आणि गुडीने संपणारी गावे दक्षिणेत खरोखरीच आहेत, त्यामुळे तिकडच्या वाचकाला ते ऐकताच परके वाटले नाही. १९३५ साली 'स्वामी अँड फ्रेंड्स' प्रसिद्ध झाली आणि त्या गावाला हळूहळू सरयू नदी, मेंपीचे डोंगर, कबीर स्ट्रीट, अल्बर्ट मिशन शाळा आणि लॉली एक्स्टेन्शन मिळाले. संत, मिशनरी आणि इंग्रज अधिकारी ह्यांचे थर एकावर एक रचलेले हे नकाशे आपल्या कोणत्याही जिल्ह्याच्या ठिकाणाला लागू पडतील. पुढे नारायण ह्यांनी एका कथेत असेही दाखविले की स्वातंत्र्यानंतर मालगुडीच्या नगरपालिकेने उत्साहाच्या भरात सगळ्या रस्त्यांची नावे बदलली आणि गावात कोणालाच काही सापडेनासे झाले. ज्या गावाची नावे बदलली असता वाचकालाही चुकल्याचुकल्यासारखे होते, तो गाव कल्पित राहिलेलाच नसतो. इंग्लंडात टॉमस हार्डीने १८७४ साली 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड' ह्या कादंबरीत एका लुप्त सॅक्सन राज्याचे 'वेसेक्स' हे नाव उकरून काढून आपल्या प्रदेशाला दिले. ते इतके रुजले की १९९९ साली तेथील राजपुत्राला 'अर्ल ऑफ वेसेक्स' ही पदवी देण्यात आली.

ज्यांच्या कथेचा प्रदेश पृथ्वीच्या पाठीवर कोठेच नाही, त्यांचे काम सर्वांत कठीण; आणि तेथे जॉन रोनल्ड रूएल टोल्कीन ह्यांच्याइतकी निष्ठा मी दुसऱ्या कोणातच पाहिलेली नाही. हे गृहस्थ ऑक्सफर्डात प्राचीन इंग्रजीचे प्राध्यापक होते. 'द हॉबिट' १९३७ साली आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तीन खंड १९५४-५५ साली बाहेर पडले, पण त्याच्या कितीतरी आधीपासून ते भाषा रचीत होते. एकीच्या ध्वनींना फिनिश भाषेचा आदर्श, दुसरीच्या ध्वनींना वेल्शचा. आणि ह्या भाषांना बोलणारी माणसे हवीत, माणसांना भूमी हवी, म्हणून पुढे कथा आली. घोडेस्वारांच्या राज्यातील नावे त्यांनी प्राचीन इंग्रजीतून घेतली, बुटक्या खाणकऱ्यांची नावे आइसलंडच्या जुन्या काव्यातून. परिणाम असा, की त्यांच्या नकाशावरील दोन नावे शेजारी ठेवली तर ती एकाच रानातली की दोन निराळ्या राज्यांतली, हे त्या भाषा न येणाऱ्याच्याही कानाला कळते. डच भाषांतरकाराने ती नावे मनास येतील तशी फिरविली तेव्हा टोल्कीन अस्वस्थ झाले, आणि कोणते नाव अर्थाने भाषांतरावे व कोणते जसेच्या तसे ठेवावे ह्याची एक तपशीलवार सूचनावलीच त्यांनी पुढे भाषांतरकारांसाठी लिहिली.

नावे देशांतरास निघाली म्हणजे त्यांचे काय होते, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. पंचतंत्रातील करटक आणि दमनक हे दोन कोल्हे सहाव्या शतकात पहलवी भाषेत गेले, तेथून आठव्या शतकात अरबीत पोहोचले, आणि तोवर त्यांचे कलीला व दिमना झाले होते. आयबूवर माणदेशात जो संस्कार झाला तोच हा, फक्त उलट दिशेचा. देवलांनी 'ऑथेल्लो'चे रूपांतर केले तेव्हा नायकाला झुंझारराव म्हटले, त्यात अर्थ आला. इयागोला जाधवराव म्हटले, त्यात ध्वनीही थोडा राहिला. आणि डेस्डिमोना कमळजा झाली, ती तर आमच्याच घरातली झाली. टोल्कीनच्या सूचनावलीच्या अर्धशतकाहून अधिक काळ आधी एका मराठी नाटककाराने अर्थ, ध्वनी आणि शेजार ह्यांचा हा तोल स्वतःच्या कानाने साधला होता, हे आपण अभिमानाने सांगितले पाहिजे.

मराठीत पूर्णतः परक्या भूमीवर जाणारे थोडे. त्यांतले सर्वश्रेष्ठ जी. ए. कुलकर्णी. 'रमलखुणा'तील 'इस्किलार' हा शब्द माझ्या कानाला संस्कृत, फारसी वा कानडी ह्यांपैकी कोणताच धागा हाती देत नाही, आणि तरी तो उच्चारताच वाळू, जुने दगड आणि विसरलेली उपासना ह्यांची चाहूल लागते. अलीकडे अद्भुत कथा लिहिणारी तरुण मंडळी मात्र पुष्कळदा इंग्रजी चित्रपटांतील कर्कश व्यंजने जुळवून राजे आणि राज्ये निर्माण करतात, तर दूरचित्रवाणीच्या मालिकांतील खेडी आनंदपूर आणि सुंदरवाडी ह्यांच्या पलीकडे जाण्यास तयार नसतात. दोहोंचा दोष एकच. ही नावे कोणी एका माणसाने एका बैठकीत ठेवली आहेत असे दिसते.

ह्यावर उपाय आपल्या पायाशी आहे. गावाप्रमाणे आपल्या प्रत्येक शेतालाही नाव असे. लिंबाचे, पाणंदीचे, टेकाडाचे, सतीचे, बुडकीचे. १९४७ च्या तुकडेजोड कायद्यानंतर गावोगाव एकत्रीकरण झाले, जमिनींना गट क्रमांक पडले आणि सात-बाराच्या उताऱ्यावर आकडे उरले; शेतांची नावे मात्र ऐंशीच्या घरातल्या शेतकऱ्यांच्या तोंडीच राहिली. ती कोणत्याही कोशात नाहीत. ज्यांना कथा लिहावयाच्या आहेत त्यांनी, आणि ज्यांना लिहावयाच्या नाहीत त्यांनीही, पुढच्या सुटीत गावी जाताना एक वही सोबत न्यावी, घरातल्या वडीलधाऱ्यांबरोबर शिवारातून एकदा फिरून यावे आणि ते एकेका बांधावर थांबून जे जे नाव सांगतील ते त्यांच्या उच्चारात, जसेच्या तसे, लिहून घ्यावे.